तो पेनल्टी कॉर्नर नव्हता

आज सकाळी माझी मुलगी मेधा गाडीच्या काचेवरचं बर्फ बँकेच्या जुन्या कार्डाने खरवडत होती. तो खर्र-खर्र आवाज मी अंथरुणात ऐकला आणि मनात म्हटलं, आलं बुवा. वर्षभर वाट पाहायला लावून आलं.

आयर्लंडच्या मधोमध, ॲथलोनला, हिवाळा एरवी ओला असतो. चार-चार महिने नुसती भुरभुर. छत्री उघडावी तर वारा ती उलटी करतो, मिटावी तर चष्मा भिजतो. पण मधूनच तीन-चार दिवस असे येतात की वारा पडतो, आभाळ घासलेल्या ताटासारखं लख्ख होतं आणि गवताचं पातं न् पातं पांढरं होतं. पायाखाली कुरण पापडासारखं मोडतं. श्वासाची वाफ आपल्याच पुढे चालते. लहान मुलासारखं हसू येतं, कारण नसताना.

"बाबा, आज बाहेर पडू नका. घसराल," मेधा खिडकीतून म्हणाली. ती इथे वैद्यकीय उपकरणांच्या कारखान्यात आहे. साथीतही तिचं काम एक दिवस थांबलं नव्हतं. मी "नाही गं" म्हटलं, तिची गाडी वळणाआड गेली आणि माकडटोपी चढवून मी निघालो. पंचाहत्तरीच्या माणसाने मुलीशी एवढं खोटं बोलावं याचं मला फारसं काही वाटत नाही. ज्या खोट्याचं वाटतं ते वेगळं आहे आणि तेच लिहायला आज बसलो आहे. पण आधी बर्फ.

गेल्या वर्षीचं, म्हणजे एकवीस सालच्या जानेवारीतलं. मी तीन महिन्यांसाठी आलो होतो आणि साथीमुळे अडकून वर्ष होत आलं होतं. घरापासून पाच किलोमीटरच्या पुढे जायचं नाही असा सरकारी नियम होता. मला पाच किलोमीटर पुष्कळ होते. आमच्या गल्लीच्या टोकाला डांबर संपतं, तिथे एक लोखंडी फाटक आहे आणि फाटकापलीकडे शॅनन नदीची कुरणं. हिवाळ्यात नदी पसरते, कुरणं घोटाभर पाण्याखाली जातात, फक्त कुंपणाचे खांब तेवढे वर. त्या दिवशी सकाळी गेलो तर ते सगळं पाणी गोठलेलं. सूर्य वर येत होता आणि बर्फाखाली गवत दिसत होतं. हिरवंगार, काचेखाली ठेवल्यासारखं.

फाटकाशी नोराबाई उभ्या होत्या. आमच्यापासून तिसरं घर त्यांचं. वय चौऱ्याऐंशी, राहतात एकट्या. तोवरची आमची ओळख कुंपणावरून हात हलवण्याएवढीच. मी विचारायचो, "कशा आहात?" त्या म्हणायच्या, "ग्रँड." त्यांनी विचारलं की मीही "ग्रँड" म्हणायचो. इथे बरं आहे, चालेल, पुरे झालं, या सगळ्याला तोच शब्द. त्या दिवशी त्यांच्या पायात हिरवे गमबूट होते, अंगात कुणा पुरुषाचा जुना कोट आणि हातात एक लाकडी काठी. त्या काठीकडे बघून मी जागच्या जागी थांबलो.

"ही हॉकीची आहे," मी म्हणालो.

"तुम्हाला कसं कळलं?"

"मी खेळलोय. मातीवर."

"मातीवरची हॉकी आमच्याकडे शाळेतल्या मुली खेळतात."

"आमच्याकडे पुरुष खेळायचे. पाय मोडून घ्यायचे."

"मग ठीक आहे," त्या म्हणाल्या, काठी फाटकाला टेकवून ठेवली आणि दोन मीटर मागे सरकल्या. साथीतली रीतच ती. वस्तू ठेवायची, मागे व्हायचं, मग दुसऱ्याने घ्यायची.

काठी एकाच लाकडातून काढलेली होती. आपल्या स्टिकपेक्षा बरीच लांब, जवळजवळ छातीपर्यंत येणारी, खालचं पातं लांब आणि सपाट. मूठ हातांनी झिजून काळी झाली होती. मी ती हातात घेतली आणि पन्नास वर्षांनी माझी बोटं आपोआप जागेवर बसली.

"माझ्या वडिलांची," नोराबाई म्हणाल्या. "बर्फावर हॉकी खेळायचे पैसे मिळत, अशा पहिल्या काही लोकांपैकी एक. या गावात हे कुणाला सांगितलं तर म्हणतात, नोरा, चहा घे."

पुढचे चार दिवस मी रोज सकाळी फाटकाशी गेलो. त्या तिथे असायच्याच. त्यांचं इंग्रजी जलद आणि गाणं म्हटल्यासारखं, माझं कारखान्यातलं, पत्रव्यवहाराचं. पण हॉकी मध्ये असली की अडत नाही. वडिलांचं नाव मायकल. जन्म इथला, याच कुरणापलीकडचा. चार वर्षांचे असताना आईबाप कॅनडाला घेऊन गेले. तिथे नदी चार महिने गोठते, तेव्हा चालायला शिकावं तसे ते बर्फावर घसरायला शिकले. विशीच्या आतच एका खाणीच्या गावाने त्यांना बोलावलं. खाणीचे मालक संघ पाळायचे, आपल्याकडे कुणी तालमीतले पैलवान पाळावेत तसे.

एका संघात सात जण असत. सातवा जो असे तो मैदानभर मोकळा हिंडे, त्याला ठरलेली जागाच नाही. मायकल तो सातवा. तासभराचा सामना, बदली खेळाडू नाही, जो उभा राहिला तो शेवटपर्यंत. नडग्यांना जुनी मासिकं बांधायची, वर मोजे ओढायचे. गोली बर्फावर पडला तर पंच त्याला शिक्षा करायचे, गोलीने उभं राहूनच अडवायचं असा नियम. सामन्याच्या गावी घोड्याच्या घसरगाडीतून जायचं, पायांवर गवताचा भारा घेऊन. एका वर्षी तीन दात गेले, पुढच्या वर्षी सहा. "आईशी लग्न ठरलं तेव्हा ते हसले नाहीत," नोराबाई म्हणाल्या, "आणि आईला वाटलं, काय गंभीर माणूस आहे."

मी हसलो तसा त्या बर्फाकडे बघून म्हणाल्या, "या. घाबरू नका. फुटलं तर खाली गवत आहे."

आम्ही उतरलो. दीडशे वर्षांहून जास्त वय दोघांचं मिळून. त्यांनी खिशातून बूटपॉलिशची रिकामी डबी काढून बर्फावर टाकली. मी ती काठीने ढकलली. डबी जी निघाली ती निघालीच. मातीवर चेंडू आपल्याशी भांडतो, खड्ड्यात अडतो, दगडावर उडतो. इथे भांडणच नाही. नुसतं सुं आणि लांबवर कुंपणाच्या खांबावर टण्. आयुष्यभर मातीवर खेळलेल्या माणसाला तो आवाज काय वाटला हे सांगता येत नाही. दुसऱ्यांदा मारायला गेलो तेव्हा डबी डाव्या बाजूला आली आणि मी काठी फिरवून उलटी करायला लागलो.

"हे काय करताय?" नोराबाई म्हणाल्या.

"आमच्यात काठीची पाठ चेंडूला लागली की फाऊल. सपाट बाजूच लागायला हवी."

"इथे दोन्ही बाजू आपल्याच."

दोन्ही बाजू आपल्याच, हे ऐकून मी जोरात फटका मारला आणि पार्श्वभागावर आपटलो. बर्फ तडकलं, पँट भिजली. नोराबाई कंबर धरून हसत होत्या. "गोली असता तर शिक्षा झाली असती," त्या म्हणाल्या. शनिवार होता म्हणून माझी नात इराही आली होती. तिला मराठी सगळं कळतं, पण उत्तर इथल्या मुलांच्या इंग्रजीत देते. ती म्हणाली, आजोबा, परत पडा, मी फोनवर घेतलं नाही. मी परत पडलो. त्या चार दिवसांत मी अकरा वेळा पडलो आणि गेल्या वीस वर्षांत हसलो नसेन तेवढा हसलो.

तिसऱ्या दिवशी नोराबाईंनी बिस्किटांचा एक डबा फाटकाच्या खांबावर ठेवला. आत कात्रणं होती, चहाच्या रंगाची झालेली. मी हातमोजे काढून एकेक उलगडलं. मायकल हे नाव कुठेच नव्हतं. होतं ते टॉमी ग्रे. ग्रेने विजयी गोल केला, ग्रे जखमी, ग्रे परत मैदानात.

"हा कोण?"

"तेच. नाव बदलून खेळायचे. पैसे घेऊन खेळलेला माणूस पकडला गेला की हौशी संघांतून जन्मभर बाद. मग अर्धे खेळाडू खोट्या नावाने खेळायचे. घरी ते ग्रेबद्दल बोलायचे ते 'युअर मॅन ग्रे' म्हणून." इथे तिऱ्हाइताबद्दल बोलताना 'युअर मॅन' म्हणतात, आपण 'तो तुमचा अमका' म्हणतो तसं. "म्हणायचे, युअर मॅन ग्रेने गोल केले आणि गुडघा माझा गेला."

गुडघा गेला म्हणूनच मायकल इथे परतले, गाई पाळल्या, उशिरा लग्न केलं. नोराबाई दहा वर्षांच्या असताना एकदा असंच कुरण गोठलं. साठी ओलांडलेल्या बापाने माळ्यावरून स्केट्स काढले आणि लंगडत कुरणापर्यंत आला. "लंगडणं काठावरच राहिलं," त्या म्हणाल्या. "बर्फावर उतरले आणि माझा बाप गेला, दुसराच कुणीतरी आला. मी एकदाच पाहिला त्याला. टॉमी ग्रेला."

त्या बोलत होत्या आणि मी कात्रणांचे समास पाहत होतो. तिथे पेन्सिलीने बारीक लिहिलेलं होतं. जिथे ग्रेने गोल केल्याची बातमी, तिथे एकच शब्द: मी. मी. मी. पण तीन-चार ठिकाणी वेगळं होतं. छापलेलं होतं, ग्रेचा अप्रतिम गोल. समासात: मी नाही. जो.

"हे का लिहिलं?"

"गोल जोचा होता, त्यांच्या संघातल्या दुसऱ्या खेळाडूचा, म्हणून. वार्ताहराने चुकून ग्रेचा लिहिला."

"पण हे कोण बघणार होतं?"

"कुणीच नाही," नोराबाई म्हणाल्या. त्यांना त्यात काही विशेष वाटलं नाही.

मला मात्र डबा बंद करून खांबावर ठेवताना झाकण नीट बसवता येईना.

आता ते खोटं.

पन्नास वर्षांपूर्वी खडकीत आमच्या मंडळाचा हॉकी संघ होता. मी चिटणीस आणि फॉरवर्ड. सदाशिव भोकरे माझा मित्र, माझ्यापेक्षा दसपट चांगला खेळाडू, पण संघात उशिरा आला, त्यामुळे स्पर्धेच्या यादीत त्याचं नाव नव्हतं. अंतिम सामन्याच्या आदल्या दिवशी माझा घोटा सुजला. तेव्हा सगळेच करत तेच आम्ही केलं. सदा माझ्या नावावर खेळला. 'नावावर खेळणं' हा आमच्याकडे गुन्हा नव्हता, सोय होती. त्याने गोल केला, आम्ही एक-शून्यने ढाल जिंकली. दुसऱ्या दिवशी पेपरात आलं की पेनल्टी कॉर्नरवर, म्हणजे समोरच्यांच्या फाऊलबद्दल मिळालेल्या फटक्यावर, माझ्या गोलाने सामना जिंकला. वार्ताहर त्या वेळी बहुधा चहाला गेला असावा. आम्ही सगळे हसलो. सदा तेवढा हसला नव्हता.

दोन महिन्यांनी एका कारखान्यात खेळाडूंसाठी राखलेली कारकुनाची एक जागा निघाली. आम्ही दोघांनीही अर्ज केला. मी माझ्या अर्जाला ते कात्रण जोडलं. मुलाखतीत साहेबांनी विचारलं, "हा गोल तुमचा?" मी म्हणालो, "हो, साहेब."

पुढचा नंबर सदाचा होता. त्याला विचारलं, कागदावर काही आहे का. त्याच्याकडे काही नव्हतं आणि तो खरं सांगू शकत नव्हता, कारण खरं सांगितलं तर ढाल परत गेली असती, अकरा जणांची. तो गप्प बसून बाहेर आला. नोकरी मला लागली. कशी लागली, असं त्याने विचारलं तेव्हा मी म्हणालो, "अरे, टायपिंग विचारलं त्यांनी. मला येतं ना."

सदाने यावर विश्वास ठेवला. पुढे सहा महिने तो रोज सकाळी टायपिंगच्या क्लासला गेला, पुन्हा जागा निघेल म्हणून. निघाली नाही. मग त्याने सायकलदुरुस्तीचं दुकान टाकलं. मी चौतीस वर्षं ज्या सायकलवरून कामावर गेलो ती सायकल तोच दुरुस्त करायचा. संध्याकाळी तो शाळेतल्या मुलींना हॉकी शिकवायचा, अजून शिकवतो. दोस्ती तुटली नाही. तेच तर अवघड झालं.

बर्फ वितळलं त्या आठवड्यात मी त्याला फोन केला. इथे सकाळचे अकरा वाजले होते, म्हणजे तिकडे त्याच्या दुकानातली चहाची वेळ. व्हिडिओवर आधी एक चाक दिसलं, मग त्याची हनुवटी.

"काय वश्या, जिवंत आहेस का गोठलास?"

"सदा, एक सांगायचंय."

"सांग की. थांब, पंप खाली ठेवतो."

मी सांगितलं. कात्रण जोडलं ते, "हो, साहेब" ते, टायपिंगचं ते. एकही शब्द गाळला नाही. तो ऐकत राहिला. मागून कुणीतरी विचारलं, काका, पंक्चर झालं का काढून. त्याने मान वळवून सांगितलं, "दहा मिनिटांनी ये." मग माझ्याकडे पाहिलं. म्हणाला, "मग टायपिंग कुणी विचारलंच नव्हतं?"

"नाही."

फोन बंद झाला.

दहा दिवस काही नाही. मी सकाळ-संध्याकाळ फोन बघायचो. तिकडे साथ पुन्हा वाढायला लागल्याच्या बातम्या येत होत्या आणि मला वाटायचं, आता यातच त्याचं किंवा माझं काही झालं तर हे असंच राहील. एकदा मी पुन्हा नंबर लावणार होतो. नोराबाई तेव्हा अंगणात क्रोकसच्या फुलांचे कोंब मोजत होत्या. त्यांना मी सगळं सांगितलं होतं.

"तुम्ही सांगितलंत ना?" त्या म्हणाल्या.

"सांगितलं."

"मग आता त्याला त्याचे दिवस घेऊ द्या. तुम्ही पन्नास वर्षं घेतलीत."

अकराव्या दिवशी न्याहारीच्या वेळी सदाचा आवाज आला, ध्वनिमुद्रित केलेला. मी तो मेधासमोरच लावला. लपवायचं आता काही उरलं नव्हतं.

"वश्या, ऐक. नोकरीचं मी तुला आत्ता काही बोलत नाही. समोर आलास की बोलीन आणि चांगलं बोलणार नाही, तयारीने ये. सहा महिने टायपिंग शिकलो रे तुझ्यामुळे. अजून मुलींच्या स्पर्धेच्या नोटिशी मीच टाइप करतो, दहा बोटांनी, शाळेतले सर बघत राहतात. ते असू दे. पण तो पेनल्टी कॉर्नर नव्हता. पन्नास वर्षं मला ते खुपतंय. पेनल्टी कॉर्नरवर कुणीही मारतं. मी मधल्या रेषेपासून नेला होता. तू चिटणीस होतास ना? मग नीट लिही. मराठीत लिही, माझ्या मुलींना वाचून दाखवणार आहे. आणि काठीची पाठ लागली नव्हती, तेही लिही."

मागे कुणीतरी हसलं, बहुतेक त्या मुलीच. मेधाने माझ्याकडे बघितलं आणि माझ्या कपात आणखी चहा ओतला. मी तो संदेश पुन्हा लावला. पुन्हा लावला. त्या दिवशी फेब्रुवारीचं ऊन पडलं होतं आणि मी फाटकापर्यंत जवळजवळ पळत गेलो, नोराबाईंना सांगायला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "ग्रँड." त्या शब्दात एवढं मावतं हे मला माहीत नव्हतं.

तरीही लिहायला मी जवळजवळ वर्ष लावलं. आधी म्हटलं डोळ्यांचं ऑपरेशन होऊ दे, मग म्हटलं उन्हाळा जाऊ दे. आज सकाळी काचेवरचं खरवडणं ऐकलं तेव्हा सबबी संपल्या. पुढच्या महिन्याचं तिकीट काढलेलं आहे. रिकाम्या हाताने त्याच्या दुकानात जाता येणार नाही. कुरण अजून पुरतं गोठलेलं नाही, कडेला नुसती साय धरली आहे. नोराबाई म्हणाल्या, परवापर्यंत होईल. डबी त्यांच्या खिशात आहे.

तर लिहून ठेवतो.

त्या अंतिम सामन्यात, खेळ संपायला पाचेक मिनिटं असताना, सदाशिव भोकरेला चेंडू मधल्या रेषेवर डाव्या बाजूला मिळाला. कुणी पास दिलेला नव्हता, समोरच्याच्या काठीला लागून तो उडाला होता. सदाने तो हवेतच दाबून खाली घेतला. पहिला आला त्याला आतून चकवलं, दुसऱ्याला बाहेरून. तिसरा, त्यांचा धिप्पाड फुलबॅक, आडवा आला तेव्हा सदा एकदम थांबला. फुलबॅकला थांबता आलं नाही, तो तसाच पुढे निघून गेला आणि प्रेक्षकांत हशा पिकला. सदा गोलासमोरच्या अर्धवर्तुळात, 'डी'मध्ये, शिरला. गोली पुढे आला आणि सदाच्या उजव्या हाताकडे झुकला. सदाने मनगट फिरवलं, काठी उलटी केली आणि चेंडू स्वतःच्या डाव्या बाजूने सरकवला. सपाट बाजूने. समोरच्या संघाने पाठ लागल्याची ओरड केली. पंच चार पावलांवर होते, त्यांनी नाही म्हणून मान हलवली आणि मधल्या रेषेकडे हात करून गोल दिला. चेंडू फळीवर आपटल्याचा आवाज मला अजून ऐकू येतो. मी रेषेबाहेर लाकडी खोक्यावर सुजलेला पाय ठेवून बसलो होतो. मैदानात ते माझ्याइतकं स्पष्ट कुणालाच दिसलं नसेल.

ते कात्रण पुण्यात पत्र्याच्या ट्रंकेत आहे. गेलो की पहिल्यांदा तेच काढीन आणि दुकानात नेऊन, सदासमोर, पेन्सिलीने लिहीन. समासात जागा थोडी आहे, पण पुरेल.

मी नाही. सदा.